हुतात्मा एक्सप्रेस, एम्प्रेस गार्डन आणि चाळीस कुंड्या

आजचा भाग जरा घरगुती आहे. मागे एकानं विचारलं होतं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना फुलांचं प्रदर्शन दाखवायचंय, सोलापुरात कुठं भरतं का? तेव्हा हसू आलं. मे महिन्यात आपल्याकडे माणसं कोमेजतात, तिथं पेटुनियाचं काय घेऊन बसलात! पण प्रश्न डोक्यात राहिला. कारण आमच्या घरात त्याच प्रश्नावरून भांडण चालू होतं.

बाबा गेले, त्यांच्यामागं गच्चीवर चाळीस कुंड्या राहिल्या. पाणी चार-पाच दिवसांआड. हिशोब करा. उन्हाळ्यात कुंडीला दोन वेळा मिळून दोन लिटर धरले तरी रोजचे ऐंशी लिटर, म्हणजे पाच दिवसांचे चारशे. दोनशे लिटरचे दोन ड्रम नुसत्या झाडांना! मी म्हणालो, आई, निम्म्या कुंड्या देऊन टाकू. ती काहीच बोलली नाही. तुम्हाला माहितीय, आई बोलत नाही तेव्हा काय असतं ते.

म्हणून तिला पुण्याला नेलं. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन दरवर्षी २६ जानेवारीच्या आसपास असतं. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. गाडी सुटली की बाबा हमखास ती चार नावं घ्यायचे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे. त्यांच्या नावाची गाडी रोज सकाळी सोलापूरहून पुण्याला जाते. या वेळी नावं आईनं घेतली. हळूच, खिडकीकडे बघत.

आता गर्दी. सुट्टीचा दिवस, अख्खं पुणे तिथं! एम्प्रेस गार्डन ३९ एकरांची. ती सांभाळणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची. मोठमोठे जुने वृक्ष, पण फुलांच्या मांडवात वर बघायला सवड कुणाला? रांग मागून ढकलत नेते. समोर फुलं कमी, हात वर करून धरलेले मोबाईल जास्त. बोन्सायपाशी तर आम्ही फक्त पाठी पाहिल्या. मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा भाग तेवढा निवांत वाटला.

गुलाबांपाशी मात्र आई थांबली. मागचे लोक 'चला, चला' म्हणत होते, ही हलेना. एकेक देठ बाटलीत, शेजारी चिठ्ठी. म्हणाली, "यांना वास नाही रे." बाबांचा गावठी गुलाब आठवला असणार. मी विचारलं नाही.

बाहेर रोपांच्या स्टॉलवर तिनं पेटुनियाची सहा रोपं उचलली. जांभळी, अगदी भरगच्च. विकणाऱ्या दादांनी विचारलं, "कुठं न्यायचीत मावशी?" "सोलापूरला." त्यांनी रोपं तिच्या हातातून काढून परत ठेवली. म्हणाले, "मार्च संपायच्या आत जातील. उगाच जीवाला लावून घ्याल."

धंदा सोडून असं सांगणारा माणूस विरळाच. मग त्यांनी नीट समजावलं. पेटुनिया, पॅन्झी, फ्लॉक्स, डायन्थस ही थंडीची फुलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली की जानेवारीत ऐन बहरात येतात, म्हणून प्रदर्शन जानेवारीत. ऊन चढलं की संपली. याउलट अडेनियम फुगलेल्या बुंध्यात पाणी साठवतं. बोगनवेलीला तर पाणी जास्त झालं की नुसता पाला येतो, जरा ताण बसला की फुलते. सदाफुली, चिनी गुलाब, कण्हेर ही उन्हाचीच झाडं. आणि मोगरा! थंडी सरताना छाटला, की ऐन उन्हाळ्यात कळ्या.

आईनं एकच प्रश्न विचारला, "आणि जी आधीपासून आहेत ती?"

ते म्हणाले, "कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, वर हिरवी जाळी लावा, मातीवर उसाचं पाचट पसरा. पाणी एकदाच, संध्याकाळी."

पाचटाला आपल्या जिल्ह्यात काय तोटा! मला आधी सुचायला हवं होतं.

परतीची गाडी संध्याकाळी सहाची. आम्ही एक अडेनियम घेऊन बसलो होतो, आईच्या मांडीवर. दौंड गेल्यावर ती म्हणाली, "फर्न देऊन टाक. क्रोटनपण. बाबांना कधीच आवडले नाहीत, शेजाऱ्यांनी दिले म्हणून ठेवले." हे मला पस्तीस वर्षांत माहीत नव्हतं, बघा. म्हणजे मी ज्या कुंड्या बाबांच्या म्हणून टाकायला कचरत होतो, त्यातल्या निम्म्या बाबांच्या नव्हत्याच.

आता गच्चीवर बावीस राहिल्यात. रोजचं पाणी पंचवीस लिटरच्या आत आलंय, त्यात तांदूळ-भाजी धुतलेलं धरून. गावठी गुलाब जाळीखाली मधोमध ठेवलाय. एक फांदी वाळली आहे, खालून एक कोंब आलाय. तो मे काढेल की नाही, सांगता येत नाही.

आणि तो उन्हाळ्यातल्या प्रदर्शनाचा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत मुलांना घेऊन बाहेर पडा. गुलमोहर, बहावा, दोन्ही फुललेले असतात. रांग नाही, तिकीट नाही. दहाच्या आत मात्र घरी या.

या रविवारी मोगऱ्याची छाटणी आहे. बाबांची कात्री सापडत नाहीये, आई म्हणते मीच कुठंतरी ठेवलीय. शोधतो. भेटू पुढच्या भागात.