बंद दाराची किल्ली कोणाच्या हातात?



मोबाइलवर एखादी साइट उघडायला जावं आणि ती सरकारी आदेशाने बंद असल्याची पाटी समोर यावी, असं तुमच्यापैकी काही जणींनी पाहिलं असेल. मग घरातलंच एखादं पोर म्हणतं, “दे इकडं, मी उघडून देतो.” आणि देतंही. ते कसं उघडतं आणि त्यात आपलं काय जाऊ शकतं, हे आज बघू.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69-अ प्रमाणे केंद्र सरकार साइट किंवा ॲप बंद करू शकतं. जून 2020 मध्ये टिकटॉकसह 59 ॲप अशीच बंद झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये कर्जाची 94 आणि सट्ट्याची 138 ॲप बंद करायचं ठरलं. पण बंद केलेलं सगळं वाईटच असतं, असंही नाही. डिसेंबर 2014 मध्ये 32 साइट बंद केल्या, त्यात संगणकाचं काम करणाऱ्यांना रोज लागणारी गिटहब होती. ती नंतर सुरू झाली. म्हणून आधी विचारायचं, ही साइट बंद का आहे?

आता उघडायच्या वाटा. पहिली व्हीपीएन. समजा, तुमचं पत्र बंद पाकिटातून आधी परगावच्या एका माणसाकडे जातं आणि तो ते पुढे पाठवतो. मोबाइल कंपनीला त्या माणसाचाच पत्ता दिसतो, पत्र खरं कुठं गेलं ते दिसत नाही. मोठ्या कंपन्या आपल्या कामाची माहिती सुरक्षित राहावी म्हणून हेच वापरतात. व्हीपीएन वापरणं हा सरसकट गुन्हा नाही. पण जे काम एरवी गुन्हा आहे, ते व्हीपीएनमधून केलं तरी गुन्हाच.

दुसरी वाट प्रॉक्सी साइटची. तिथंही मधे माणूस असतो, पण पाकीट बंद असेलच याची खात्री नसते.

दोन्हीकडे प्रश्न एकच: हा मधला माणूस कोण? तुम्ही कुठल्या साइटवर जाता, ते त्याला कळतं. फुकट सेवा देणारा ही माहिती विकूनही पैसे काढू शकतो. शिवाय ‘कुणाला कळणार नाही’ हेही खरं नाही. एप्रिल 2022 च्या सरकारी आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नोंद 5 वर्षं ठेवायची आहे.

तिसरी वाट सगळ्यात धोक्याची. व्हॉट्सॲपवर लिंक येते, ‘बंद झालेलं ॲप इथून घ्या.’ ही एपीके फाइल असते. प्ले स्टोअरला वळसा घालून ती थेट फोनमध्ये शिरते. आत आली की संपर्क, फोटो, मेसेज यांची परवानगी मागते. मेसेज वाचायला मिळाले, म्हणजे बँकेचा ओटीपी मिळाला. कर्जाचं ॲप असेल तर संपर्कातल्या नातेवाइकांना फोन लावून बदनामी करतात, फोटो बिघडवून पाठवतात. अडचणीच्या वेळी ‘कागदपत्रं नको, पाच मिनिटांत पैसे’ हे गोड वाटतं. पण असं ॲप बंद केलेलं असेल, तर ते आपल्याला वाचवायलाच केलेलं आहे.

म्हणून गटात एवढं ठरवून टाका. लिंकवरून आलेलं ॲप घ्यायचं नाही. प्ले स्टोअरवर दिसतं म्हणूनही कर्ज घ्यायचं नाही. देणारी संस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का, ते आधी बँकेत विचारायचं. फुकट व्हीपीएन चालू ठेवून पैशांचा व्यवहार करायचा नाही. फोनच्या सेटिंगमध्ये अनोळखी ॲप घ्यायची परवानगी बंद ठेवायची.

पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. आलेले मेसेज पुसू नका, तोच पुरावा. आणि मैत्रिणींनो, गटातली एखादी फसली तर तिला हसू नका. लाजेपायी ती गप्प बसली, तर पैसे परत मिळायची वेळ निघून जाते. तिच्या शेजारी बसा आणि तो फोन तुम्ही लावा.