सतरा मात्रांचें संगीत

एक हायकू म्हणून संपवावयास जितका वेळ लागतो, तितक्या वेळांत आपल्या गवयाच्या तंबोऱ्याची एक तारही धड जुळत नाहीं. अशा चिमुकल्या कवितेपासून संगीतकारानें घ्यावें तरी काय, हा प्रश्न कोणाही रसिकाच्या मनांत सहज उभा राहील. तथापि विसाव्या शतकांत पश्चिमेकडील कांहीं प्रयोगशील संगीतकार या कवितेकडे वळले. त्यांनीं तिच्यांतून काय उचललें आणि त्यांच्या हातीं काय लागलें, हें पाहणें उद्बोधक आहे.

प्रथम हायकूचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. पांच, सात आणि पांच अशा सतरा घटकांची ती रचना. या घटकांचें नातें आपल्या अक्षरांपेक्षां मात्रांशीं अधिक जवळचें आहे. 'तोक्यो' या नगरनामांत आपला कान दोन अक्षरें ऐकतो. जपानी कान, दोन्ही स्वर दीर्घ असल्यामुळें, चार घटक मोजतो. या गणतीखेरीज परंपरागत हायकूंत आणखी दोन गोष्टी असतात: ऋतु सुचविणारा एक शब्द, आणि बोलणें मध्येंच तोडणारा एक छेद. या छेदानें कवितेचे दोन तुकडे पडतात व ते जोडण्याचें काम वाचकाकडे येतें. बाशो (१६४४–१६९४) यानें या काव्यप्रकारास गांभीर्य प्राप्त करून दिलें. 'हायकू' हें नांव रूढ केलें तें मासाओका शिकी (१८६७–१९०२) यानें. हा कवि आपल्या सुखदुःखाचें वर्णन करीत बसत नाहीं. तो एखादी वस्तु पुढें ठेवतो आणि आपण बाजूला होतो.

संगीतकाराचा पेंच नेमका येथें आहे. शब्द गेले कीं ऋतूही गेला आणि वस्तूही गेली. मग उरलें काय?

फ्रेंच संगीतकार मोरीस दलाज यानें शब्द सोडलेच नाहींत. १९२४ सालच्या 'सात हायकाय' या रचनेंत फ्रेंच शब्द गाणारी एक गायिका आहे, आणि साथीला बांसरी, ओबो, क्लॅरिनेट, पियानो व चार तंतुवाद्यें आहेत. भाषा बदलली कीं मूळची मात्रांची गणती सहसा टिकत नाहीं. परंतु एक चित्र क्षणभर दाखवून थांबण्याचा संयम मात्र टिकूं शकतो.

दुसरा मार्ग ओलिव्हिए मेस्यां याचा. १९६२ सालीं तो जपानांत गेला आणि त्याच वर्षीं पियानो व लहान वाद्यवृंदासाठीं त्यानें 'सात हायकाय' लिहिलें. यांत कविता एकही नाहीं. आहेत तीं स्थळें: नाराच्या उपवनांतील दगडी दीप, मियाजिमा येथील समुद्रांत उभें असलेलें तोरण, कारुइझावाचे पक्षी. दरबारी 'गागाकू' संगीताच्या भागांत आठ व्हायोलिनें 'शो' या जपानी मुखवाद्याचा ध्वनि उभा करतात. मेस्यांच्या लयींत मराठी रसिकास मात्र एक जुना परिचय भेटतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकरां'त जे एकशें वीस देशी ताल नोंदले, ते मेस्यांनें एका फ्रेंच ज्ञानकोशांतून अभ्यासले होते, आणि या जपानी चित्रमालेंतही त्यानें ते योजले. देवगिरीचा ताल पॅरिसमार्गें नाराच्या उपवनांत पोहोंचला!

तिसरा मार्ग सर्वांत धाडसाचा. अमेरिकन संगीतकार जॉन केज यानें १९४६ सालीं गीता साराभाई यांच्याकडून भारतीय संगीतविचार जाणून घेतला, आणि पुढें न्यूयॉर्क येथें दाइसेत्सु सुझुकी यांचीं झेनवरील व्याख्यानें ऐकलीं. १९५१–५२ मधील 'सात हायकू' या पियानोच्या रचनांत त्यानें शब्द सोडले, चित्रेंही सोडलीं. ठेवली ती फक्त पांच-सात-पांच ही मोजणी. त्या मोजणींत कोणता स्वर कोठें पडावा, हें त्यानें नाणीं उडवून, 'ई चिंग' या चिनी ग्रंथाच्या आधारें ठरविलें. एकेक रचना अल्पावधींत संपते. स्वर थोडे आणि त्यांमधील शांतता पुष्कळ.

यावर एक रास्त आक्षेप येतो. गणती हें हायकूचें केवळ टरफल होय. बाशो एकेक शब्द निवडून घेत असे, नाणें कांहींच निवडीत नाहीं. मग याला हायकू कां म्हणावें? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाहीं. कित्येकांच्या कानाला ह्या रचना तुटक आणि कोरड्या लागतील. परंतु कवीनें बाजूला होणें हा जर हायकूचा धर्म असेल, तर केजनें तो टोकापर्यंत पाळला असें म्हणावें लागतें. त्याची किंमतही त्यानें मोजली: स्वतःच्या आवडीनिवडीचा त्याग.

२९ ऑगस्ट १९५२ रोजीं वुडस्टॉक येथें डेव्हिड ट्यूडर हा पियानोपाशीं बसला आणि चार मिनिटें तेहतीस सेकंद त्यानें एकही स्वर वाजविला नाहीं. केजच्या या रचनेला हायकू असें नांव नाहीं. तिचेही भाग मात्र तीनच. त्या वेळीं काय ऐकूं आलें, तें केज पुढें सांगत असे: प्रथम बाहेरचा वारा, मग छपरावर पडणारे पावसाचे थेंब, आणि शेवटीं लोकांची कुजबूज. शब्दांबरोबर गेलेला ऋतु कोणी न बोलावतां असा सभागृहांत परत आला. तो ज्यांनीं ऐकला, त्यांना हायकूचा दुसरा तुकडा सांपडला; ज्यांनीं केवळ कुजबूज केली, त्यांचाही ध्वनि त्या रचनेंत जमा झालाच.