शर्त, शर्यत आणि शर्थ



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत ते सर आम्हांला व्यायाम शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकविली. तेव्हा आरंभ शब्दापासूनच करतो. शर्त, शर्यत आणि शर्थ हे तिन्ही शब्द एकाच अरबी मुळाकडे जातात. शर्थ करावी हे तरुणाला सांगावे लागत नाही. शर्यतीच्याही काही शर्ती असतात, हे त्याला उशिरा कळते.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी तरुण दोराबजी टाटांनी 1919 साली पाहिले आणि त्यातूनच पुढच्या वर्षी हिंदी खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनचे अंतर त्या वर्षी 42.75 किलोमीटर होते. चौगुल्यांनी ते 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत तोडले आणि 19 वा क्रमांक मिळविला. परंतु त्याच दिवसांत ते दहा हजार मीटरच्या शर्यतीतही उतरले होते. तिची अंतिम फेरी त्यांना गाठता आली नव्हती. मॅरेथॉन जिंकणारा फिनलंडचा कोलेहमाइनेन त्यांच्यापुढे 18 मिनिटे होता. या गृहस्थाने 1912 साली स्टॉकहोमला तीन सुवर्णपदके मिळविली होती. अँटवर्पला तो फक्त मॅरेथॉन धावला. एवढ्यानेच अंतर पडले असे मी म्हणणार नाही. चौगुल्यांना परकी हवा होती, परके अन्न होते. तरीही ही निवड मला विचार करायला लावते. झाटोपेकने 1952 साली हेलसिंकीला आठ दिवसांत पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या, असे कुणी म्हणेल. खरे आहे; पण झाटोपेक एकच झाला.

आपल्या काळातले उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांचे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या 2012 पासून ओळीने तीन वर्षे पहिल्या आल्या. पुढे त्यांनी सारे लक्ष तीन हजार मीटर स्टीपलचेसवर दिले आणि 2016 साली रिओच्या अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळविला. हातचे यश बाजूला ठेवायला फार धैर्य लागते.

ते धैर्य माझ्यापाशी नव्हते. 1966 च्या हिवाळ्यात मी अकरावीत होतो. पाच आठवड्यांत चार रस्त्यावरच्या शर्यती आल्या आणि मी चारींत नाव दिले. सर आम्हांला पहाटे बडा गणपतीच्या चौकात जमवीत आणि बिजासन टेकडीपर्यंत पळवीत. त्यांचा एक नियम होता. अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावरची नाडी मोजायची आणि चौकात आल्यावर वहीत आकडा लिहायचा. माझी नाडी 56 असे. आकडा आठ-दहाने वाढला की सर त्या दिवशी पळू देत नसत. शरीराची झीज भरून निघालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ, असे ते सांगत. आज खेळाडूंच्या मनगटावरची घड्याळे हेच काम करतात. आम्हांला मात्र ती विद्या अंधश्रद्धा वाटे.

पहिल्या शर्यतीत मी दुसरा आलो, दुसरीत तिसरा. तिसरीत आठवा. त्यानंतरच्या सकाळी नाडी 68 भरली. चौथी शर्यत सहा दिवसांवर होती. मी वहीत 56 लिहिले. दुसऱ्या दिवशीही 56, तिसऱ्या दिवशीही. नडगीचे हाड दुखत होते, तेही मी बोललो नाही.

चौथी शर्यत मी अर्ध्यातच सोडली. रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसलो आणि मला उठता येईना. हाडाला चीर गेली होती. पुन्हा मी स्पर्धेत धावलो नाही.

सर सायकलवरून आले, शेजारी बसले. त्यांनी खिशातून ती वही काढली, पुन्हा पुन्हा पाने चाळली आणि म्हणाले, “आकडे तर बरोबर आहेत. माझंच काहीतरी चुकलं.”

पुढच्या वर्षीपासून त्यांनी नाडीची वही बंद केली. सर हयात असेतो मी त्यांना खरा आकडा सांगितला नाही. तो आज, त्यांच्या या शाळेत सांगतो आहे: 68.