नव्या धान वाणाची परीक्षा आणि नोंदणी

(धरमपेठ, नागपूर येथे धान उत्पादकांपुढे दिलेले व्याख्यान)



येथे धरमपेठेत किराणा दुकानात बारीक तांदूळ मागितला की एचएमटीचे नाव निघतेच. हा वाण कोणत्या संशोधन केंद्रावर जन्मला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या वेचल्या, त्यांचे बी निराळे पेरले व वर्षानुवर्षे निवड केली. नाव पडले ते हातघड्याळावरून! पुढे १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी हा वाण आपल्या विद्यापीठाने प्रसारित केला. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला. परंतु त्यांनी निवड केली तेव्हा शेतकऱ्याच्या वाणावर त्याचा हक्क नोंदवणारा कायदाच देशात नव्हता.

तो आता आहे. मात्र प्रसारण आणि नोंदणी या दोन बाबींत गल्लत होते, म्हणून थोडे खुलाशाने सांगतो.

प्रसारणासाठी वाणाची कसोटी शेतात लागते. धानाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९६५ पासून हैदराबादहून चालतो. नवा वाण प्रचलित तुल्यवाणाशेजारी अनेक ठिकाणी, साधारण तीन हंगाम लावतात. नुसते उत्पन्न पाहून भागत नाही. करपा, कडाकरपा आणि आपल्या पूर्व विदर्भात हमखास येणारी गादमाशी यांपुढे तो टिकतो का, हेही पाहतात. एका चांगल्या पावसाच्या वर्षात कोणताही वाण शहाणा दिसतो! कसोटीस उतरलेला वाण १९६६ च्या बियाणे कायद्याखाली अधिसूचित होतो आणि अधिसूचित वाणाचेच बियाणे प्रमाणित करता येते. त्याच्या पिशवीला निळे लेबल असते. हिरव्या लेबलाचे सत्यप्रत बियाणे निराळे. त्याची हमी उत्पादकाची स्वतःची असते. धानाच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ८० टक्के हवी.

नोंदणी ही हक्काची बाब आहे. ती २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली, २००५ मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या प्राधिकरणाकडे होते. तेथे वाण इतरांहून वेगळा आहे का, त्याची झाडे सारखी आहेत का आणि पिढ्यान् पिढ्या तो तसाच राहतो का, एवढेच तपासतात. उत्पन्न किती, हे विचारत नाहीत. शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी फी नाही. धान्यपिकांत संरक्षण १५ वर्षे मिळते. दुसऱ्याच्या संरक्षित वाणाचे बी घरी राखण्याची, पेरण्याची व शेजाऱ्याला देण्याची मुभाही या कायद्याने शेतकऱ्याला आहे; फक्त ब्रँडच्या नावाने ते विकता येत नाही.

तेव्हा यंदा बांधीत वेगळे झाड दिसले तर भेसळ म्हणून लगेच उपटू नका. त्याची लोंबी निराळी झोडपा, बी वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पेरणी, फुलोरा व कापणीच्या तारखा वहीत टिपा. दोन-तीन हंगाम गुण टिकला तर अर्ज करा. अर्जावर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे, जिल्हा कृषी अधिकाऱ्यांचे किंवा विद्यापीठाच्या संशोधन संचालकांचे शिफारसपत्र चालते.