डिस्कसंचाचा लेखनवेग



चार डिस्क एकत्र जोडल्या म्हणजे लिहिण्याचा वेग चौपट होतो, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षितांचीही असते. दवाखान्यांतील नोंदी किंवा पेढीचे हिशेब ज्यांस संगणकावर ठेवावयाचे आहेत, त्यांचे पैसे या समजुतीपायीं वायां जातात; म्हणून आज थोडें गणित करूं.

साध्या फिरत्या डिस्कची तबकडी मिनिटास ७२०० फेरे घेते. हवी ती जागा शीर्षाखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे सुमारें ४ मिलिसेकंद लागतात. शीर्ष सरकण्यास आणखी ८ धरा. सेकंदास अशीं कामें ८० च्या आसपास होतात, चार डिस्कांचीं मिळून ३२०.

आतां १९८८ सालीं बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनीं आपल्या निबंधांत वर्णिलेली पांचवी रचना घ्या. तींत माहितीबरोबर तिचा ताळाही सर्व डिस्कांवर वांटलेला असतो; एक डिस्क निकामी झाली तरी उरलेल्यांवरून तिचा मजकूर काढतां येतो. मात्र एक लहानशी नोंद बदलावयाची तर जुनी नोंद वाचा, जुना ताळा वाचा, नवी नोंद लिहा, नवा ताळा लिहा. एकाचीं चार कामें! ३२० ला चारांनीं भागल्यावर ८० च उरतात. चार डिस्कांचें मोल आणि वेग एकीचा! प्रत्येक मजकुराच्या दोन प्रती ठेवणाऱ्या जोडरचनेंत भागाकार दोहोंनीं, म्हणून १६०. पण जागा निम्मी जाते.

चित्रपटासारखा सलग मजकूर असेल, तर माहिती व ताळा एकदमच नव्यानें लिहिले जातात, जुनें वाचावें लागत नाहीं, व तीन डिस्कांइतका वेग मिळूं शकतो.

लिनक्सच्या सॉफ्टवेअर-संचांत ताळा प्रोसेसर काढतो, म्हणून दोष त्याच्या माथीं मारण्याची रीत आहे. वस्तुतः हें गणित तो सेकंदास कित्येक गिगाबाइट उरकतो. वेळ जातो तो तबकडीची वाट पाहण्यांत. तबकडी नसलेल्या एसएसडींत ८० च्या जागीं हजारों येतात, परंतु चारांचा भागाकार कांहीं सुटत नाहीं.

मोजून पाहणारांनीं सावध असावें. संगणक मजकूर प्रथम स्मृतींत घेऊन ‘झालें’ असें सांगून मोकळा होतो, त्यामुळें लहान चाचणींत भलतेच आंकडे दिसतात. मजकूर डिस्कवर पोंचेपर्यंत घड्याळ थांबवूं नये, आणि दवाखान्यासाठीं मोजणी लहान, विखुरलेल्या नोंदींचीच करावी. ऐन वेळीं वीज गेली, तर रुग्णाची स्मृतींत राहिलेली नोंद कोठेंच उरत नाहीं. अशा ठिकाणीं मी तरी जोडरचनाच घेण्यास सांगेन.