आधी समोरच्याचं म्हणणं मांडा

वैचारिक निबंध कसा लिहावा, हे शाळा-कॉलेजातल्या मुलांना नव्यानं सांगायला नको. मुद्दा, कारण, दाखला, निष्कर्ष हा क्रम त्यांना पाठ असतो. अनुमान, उपमान, शब्दप्रमाण हेही ठाऊक असतं. माझी तक्रार वेगळी आहे. या निबंधांत पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, नसतोच. विरुद्ध बाजू ‘काही लोक म्हणतात’ एवढ्यावर उरकलेली असते. मुलांनो, हे बरं नव्हे.

तांदूळ शिजवण्याआधी आपण ताटात पसरून निवडतो. खडे नाहीतच असं धरून चाललं, तर ते पाहुण्याच्या दाताखाली येतात. वाचकाच्या मनातल्या शंका म्हणजे हे खडे. तुम्ही वेचले नाहीत, तर ऐन निष्कर्षाच्या घासाला ते कचकन लागणार. आणि शेजारच्या तांदळातले खडे मोजत बसल्यानं आपला भात होत नाही. स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडायची, याला न्यायशास्त्रात वितंडा म्हणतात.

पूर्वपक्ष मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून शिका. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण लिहिलं. मंडळाला त्यातली मतं सोसली नाहीत, भाषण झालंच नाही. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. जात म्हणजे श्रमविभागणी, हा समर्थकांचा भारदस्त मुद्दा. बाबासाहेब तो टाळत नाहीत. सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी लागते, हे मान्यही करतात. मग दाखवतात, की जात नुसती कामं वाटत नाही. काम करणाऱ्या माणसांनाही कप्प्यांत घालते, कप्प्यांची उतरंड रचते आणि धंदा कुवतीवरून नव्हे, जन्मावरून ठरवते.

गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या भाषणावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका छापली आणि सोबत आपलं उत्तर दिलं. पुन्हा सांगतो, विरोधकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, आपल्याच पुस्तकात छापलं! आपली बाजू भक्कम असल्याची खात्री असलेला माणूसच हे करतो.

थोरामोठ्यांचं नाव घेतलं की मुद्दा सिद्ध झाला, या समजुतीबद्दलही बोलायचं होतं. पण वेळ संपत आली. निदान एवढं करा. आधी पूर्वपक्षाचा परिच्छेद लिहा आणि ज्याचं तुमच्याशी पटत नाही, त्यालाच वाचून दाखवा. ‘हो, मला हेच म्हणायचं होतं,’ असं तो म्हणाला, तरच उत्तर लिहायला घ्या.