आधी वाट, मग वाहन
(पनवेल येथे सरपंच व शिक्षकांसमोर केलेले भाषण)



रायगड जिल्ह्यातील रस्ता नसलेल्या डोंगरवाड्यांमधून रुग्णाला आजही डोलीतून खाली आणावे लागते. शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. माणसांनी हातांनी माती उपसली.

अशा वाड्यांसाठी दोन प्रकारच्या डोंगरी चौचाकी गाड्यांचा विचार होऊ शकतो. पहिली मोटारसायकलप्रमाणे मांड टाकून चालवावयाची. रुंदी सुमारे चार फूट. चिंचोळ्या वाटेने ती जाईल. परंतु तिच्यावर रुग्णाला निजविता येत नाही. दुसरी शेजारी-शेजारी आसनांची, मागे हौदा असलेली. योग्य सोय केल्यास ती स्ट्रेचरही नेते. मात्र तिची रुंदी साधारण पाच फूट असल्याने वाट त्याहून रुंद हवी. तीव्र उतारावर दोन्ही कलंडू शकतात. म्हणून चालक प्रशिक्षितच असावा. सार्वजनिक रस्त्यावर आणावयाची तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये नोंदणी होईल काय, याची खरेदीपूर्वीच खात्री करून घ्यावी.

माझी विनंती एवढीच, की माहितीपत्रके चाळण्यापूर्वी भर पावसात टेप घेऊन वाट चालावी आणि सर्वांत अरुंद वळण मोजावे. रुग्ण आणणे हा हेतू असेल, तर दुसरी गाडीच निवडावी. वाट अपुरी असल्यास प्रथम ती रुंद करावी. हेतू आणि मोजमाप दोन्ही ग्रामसभेच्या ठरावात नोंदवावीत.